पळसाचा रंग आणि शिमग्याचें वस्त्र

फाल्गुन लागतांच विदर्भांतील रानांत पळस फुलतो. पानें गळून गेलेल्या फांद्यांवर केशरी फुलांचे घोस दिसूं लागले, कीं शिमगा जवळ आला हें मुलांस कोणीं सांगावें लागत नाहीं. हीं फुलें उकळून केलेला रंग एकमेकांच्या अंगावर उडविण्याची चाल फार जुनी आहे. परंतु त्याच रंगानें सणापूर्वीं जुनें वस्त्र रंगवून नवें करतां येईल काय, असा प्रश्न गेल्या वर्षीं आमच्या वर्गांत निघाला.

एका विद्यार्थ्यानें आपला जुना पांढरा सुती सदरा आणिला. सणासाठीं त्यास दुसरा मिळावयाचा नव्हता. आम्हीं फुलें उकळून सदरा त्यांत बुडविला. सुरेख पिवळा रंग चढला. मात्र पहिल्याच धुण्यांत तो बहुतेक निघून गेला. मुलगा कांहीं बोलला नाहीं. पण चूक आमची होती. सुताचा धागा पळसाचा रंग आपण होऊन घट्ट धरीत नाहीं. रंग सहज धुतला जाणें हा खेळांत गुण, तोच वस्त्रांत दोष ठरतो.

पुढें वर्गांतील एका मुलीच्या आजीबाईंनीं निरोप पाठविला, "मास्तर, आधीं कापडाला हिरडा पाजा, मग तुरटी, रंग शेवटीं."

त्या निरोपांत सारें शास्त्र आलें. हिरड्यांत टॅनिन नांवाचें तुरट द्रव्य असतें. तें सुतास चिकटून बसतें. तुरटींतील अ‍ॅल्युमिनियम त्या द्रव्यास जडतें आणि रंग अ‍ॅल्युमिनियमशीं बांधला जातो. अशी गांठ घालणाऱ्या पदार्थास रंगबंधक म्हणतात.

कृति अशी: कापड प्रथम धुण्याच्या सोड्यांत उकळून त्यांतील खळ व तेलकटपणा काढावा. १ किलो कापडास सुमारें २०० ग्रॅम हिरड्याची पूड पाण्यांत कालवून कापड तींत रात्रभर भिजवावें व पिळून वाळवावें. मग सुमारें २०० ग्रॅम तुरटी कोमट पाण्यांत विरघळवून त्यांत तें कांहीं तास ठेवावें. शेवटीं कापडाच्या वजनाइतकीं वाळलेलीं फुलें उकळून, पाणी गाळून, त्यांत कापड तासभर मंद आंचेवर ढवळीत राहावें. भांडें लोखंडाचें नसावें. हिरडा व लोखंड यांचा योग झाला कीं रंग काळवंडतो. कापड सांवलींत वाळवावें, कारण हा रंग उन्हानें हळूहळू विटतो. चुलीचें काम मुलांनीं वडील माणसांच्या देखतच करावें.

दुसऱ्या खेपेस सदरा धुतला, तेव्हां पाणी थोडें पिवळें झालें. पण रंग राहिला. शिमग्यास तो विद्यार्थी तोच सदरा घालून आला.

१८५६ सालीं विल्यम पर्किन यांच्या हातून जांभळा कृत्रिम रंग तयार झाला. त्यानंतर एकामागून एक कृत्रिम रंग निघाले आणि रानांतले रंग मागें पडले. त्यांचें ज्ञान आज पुष्कळ घरांत केवळ आजीआजोबांपाशीं उरलें आहे. यंदा पळस फुलेल, तेव्हां झाड न ओरबाडतां खालीं पडलेलीं फुलें वेंचावीं, आणि उकळण्यापूर्वीं घरांतील वडीलधाऱ्यांस एकवार विचारावें. आम्हांस तें उशिरां सुचलें.