वारसाने आलेली बाग : आधी ओळख, मग उपाय

वडिलार्जित बागेची वारसनोंद गावच्या दप्तरी होते, तेव्हा गट नंबर, क्षेत्र व आकार ही सर्व नव्या धन्याच्या नावे चढतात. परंतु कोणते झाड कोणत्या जातीचे, ते कोणी व केव्हा लाविले, त्यास कोणती कीड लागते, हे कोणत्याही उताऱ्यावर लिहिलेले नसते. ते ज्ञान लावणाऱ्याच्या ठायी असते, आणि बहुधा त्याच्याबरोबरच जाते.

महसूल खात्यातील कारकुनी आटोपून आम्ही नांदगावी परत आलो, तेव्हा कैलासवासी चुलत्यांची विहिरीलगतची लहानशी बाग आमच्या वाट्यास आली. पहिल्याच वर्षी आमच्या हातून दोन चुका घडल्या. बांधावरील एक काटेरी, फळ नसलेले झाड रानटी समजून आम्ही तोडविले. आणि कागदी लिंबाच्या पानांवर डाग दिसताच दुकानातून आणलेले कीटकनाशक दोनदा फवारिले. पैसा गेला, डाग राहिले. पुढे चुलतीस विचारिले असता त्या म्हणाल्या, “अरे, ते कवठ होतं. तुझ्या काकांनी बी टाकून वाढवलं. दरसाल म्हणायचे, यंदा फळ धरील.” बियापासून केलेल्या कवठास फळ येण्यास पंधरा वर्षेही लागतात, हे आम्हांस ठाऊक नव्हते. ज्या मुलुखात उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात, तेथे इतकी वर्षे जगविलेले झाड आम्ही एका सकाळी घालविले.

हा अनुभव इतरांस येऊ नये म्हणून पुढील रीत सुचवितो. शेताची जशी पीकपाहणी, तशी बागेची झाडपाहणी करावी. प्रत्येक झाडास चुन्याने अंक घालून वहीत त्याचे पान, खोड, फूल व फळ यांची नोंद ठेवावी. एक संपूर्ण वर्ष उलटेपर्यंत अनोळखी झाडास कुऱ्हाड लावू नये.

ओळखीच्या काही खुणा सोप्या आहेत. पान उन्हाकडे धरून पाहावे. बारीक पारदर्शक ठिपके दिसले व चुरगाळल्यावर उग्र सुवास आला, तर ते झाड लिंबाच्या कुळातील असण्याचा संभव मोठा. मग पानाचे दल मोजावे : बेलास बहुधा तीन, कवठास पाच ते सात, कढीलिंबास पुष्कळ. मोसंबीच्या झाडास एकाएकी जाड, खडबडीत सालीची आंबट फळे येऊ लागली, तर जात बिघडली असे समजू नये. मोसंबीचा डोळा जंबेरीच्या खुंटावर भरतात; वरचे कलम मेले की खुंट फुटून वाढतो. कलम जिवंत असेल तर सांध्याखालील फुटवे वेळीच काढावेत. आंब्याच्या एखाद्या फांदीस निराळ्याच पानांचा झुबका दिसला, तर ते बांडगूळ होय. त्यास फळ येण्यापूर्वी ते फांदीच्या भागासह, थोडे खालून कापून काढावे. पक्षी त्याचे बी झाडोझाड नेतात.

आता नुकसानीच्या खुणा. लिंबाच्या पानांच्या कडा कुरतडलेल्या असतील, तर फुलपाखराची अळी शोधावी. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठेपणी हिरवी होते. झाडे थोडी असल्यास हाताने वेचणे हाच उत्तम उपाय. कोवळ्या पानांवर चंदेरी नागमोडी रेघा म्हणजे नागअळी. तिच्यासाठी पाच किलो निंबोळीचा कूट रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, १०० लिटर पाणी होईल असा अर्क फवारावा. खोडावर भुशाची जाळी लोंबत असेल, तर साल खाणारी अळी दिवसा जवळच्या छिद्रात दडलेली असते. जाळी खरवडून छिद्रात तार घालावी व ते चिखलाने लिंपावे.

परंतु पानांवर, काटक्यांवर व फळांवर खरबरीत, उंचवट्याचे तपकिरी डाग, आणि पानांवरील डागांभोवती पिवळे वलय असेल, तर ती कीड नव्हे. तो खैऱ्या रोग होय. आमच्या लिंबावर हाच होता. तो सूक्ष्म जिवाणूंपासून होतो. म्हणून कीटकनाशक व्यर्थ ठरले. नागअळीने केलेल्या जखमांतून तो अधिक पसरतो, हेही ध्यानात असावे. रोगट काटक्या पावसाळ्यापूर्वी छाटून जाळाव्यात व एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावे : मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १०० लिटर. दोन्ही निरनिराळी कालवून मग एकत्र करावी. लोखंडी भांडे वापरू नये. फ्रान्सातील बोर्डोच्या द्राक्षमळ्यांत १८८५ च्या सुमारास प्रसिद्धीस आलेले हे मिश्रण आजही उपयोगी आहे.

इतके करूनही उलगडा न झाल्यास रोगट व निरोगी अशा दोन्ही फांद्या, पान, फूल व फळ यांसह, कागदात गुंडाळून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात अगर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात दाखवाव्यात. केवळ एक वाळलेले पान पाहून जाणताही निश्चित सांगू शकत नाही.

सर्वांत मोठे दप्तर मात्र घरातच असते. आमच्या चुलतींना घेऊन आम्ही सबंध बाग फिरलो. १९७२ च्या दुष्काळात कोणत्या आंब्यास घागरीने पाणी घातले, हेही त्यांनी सांगितले, आणि आम्ही ते वहीत उतरून घेतले. बागाईतदार बंधूंनी आपल्या घरची वडील माणसे आहेत तोवर ही नोंद करून घ्यावी. कवठाच्या जागी आम्ही नवे रोप लाविले आहे. वहीत त्याचा अंक १७, आणि लाविल्याची तारीखही लिहिली आहे.