घरपट्टी, तुरुंग आणि जॉर्ज लॅन्सबरी

२९ जुलै १९२१ रोजी पूर्व लंडनमधल्या पॉप्लरहून एक मिरवणूक हायकोर्टाकडे निघाली. पुढे कौन्सिलची गदा घेतलेला चोपदार, गळ्यात पदाची साखळी घातलेले मेयर सॅम मार्च, त्यांच्यामागे नगरसेवक आणि मग गोदी कामगारांचा, बायाबापड्यांचा मोठा जमाव. फलकावर लिहिलं होतं की पॉप्लर बरो कौन्सिल हायकोर्टाकडे चाललं आहे आणि तिथून कदाचित तुरुंगात. या मिरवणुकीत जाड कल्ल्यांचे, धिप्पाड अंगाचे ६२ वर्षांचे जॉर्ज लॅन्सबरी होते. आदल्याच वर्षापर्यंत ते पॉप्लरचे मेयर होते. पुढे ते मंत्री झाले, मजूर पक्षाचे नेते झाले. तरी त्यांच्या साऱ्या कारकिर्दीचा कणा याच मिरवणुकीत सापडतो, असं मला वाटतं.

भांडण घरपट्टीचं होतं. लंडनमधल्या प्रत्येक बरोनं, म्हणजे नगरविभागानं, आपापल्या गरिबांना आपापल्या घरपट्टीतून पोसायचं, असा तेव्हाचा नियम. घरपट्टी बसायची मालमत्तेच्या भाड्याच्या अंदाजावर, पौंडामागे इतके पेन्स अशी. एका पेनीच्या दरानं श्रीमंत वेस्टमिन्स्टरला ३१ हजार पौंडांहून जास्त मिळायचे. पॉप्लरला त्याच पेनीत मिळायचे साडेतीन हजारांच्या थोडे वर. म्हणजे जिथे बेकार जास्त तिथे पैसा कमी, आणि म्हणून दर चढा. महायुद्धानंतरच्या मंदीत गोद्या ओस पडल्या आणि ही तफावत असह्य झाली. वर लंडन काउंटी कौन्सिल, पोलीस, रुग्णालयं चालवणारं मंडळ, पाणीपुरवठा मंडळ या सगळ्यांचा वाटाही पॉप्लरनंच गोळा करून द्यायचा. कौन्सिलनं ठरवलं की हा वाटा आकारायचाच नाही. आधी संपूर्ण लंडनचा भार सगळ्यांत वाटा, मग बोलू.

काउंटी कौन्सिल कोर्टात गेलं. कोर्टानं पैसे भरायचा हुकूम दिला, नगरसेवकांनी तो मानला नाही आणि सप्टेंबरमध्ये ३० जणांची रवानगी तुरुंगात झाली. पुरुष ब्रिक्स्टनला, पाच बायका हॉलोवेला. त्यांतल्या नेली क्रेसल गरोदर होत्या. लॅन्सबरींचा मुलगा एडगर आणि सून मिनी दोघंही आत. (या एडगरची नंतर जन्मलेली मुलगी म्हणजे हॉलिवूडची अँजेला लॅन्सबरी. टीव्हीवरची खुनांचा छडा लावणारी चलाख म्हातारी अनेकांना आठवत असेल.)

पुढची गंमत अशी की ज्यांना कौन्सिलचं काम केलं नाही म्हणून डांबलं, त्यांनी तुरुंगातच कौन्सिलच्या सभा भरवायची परवानगी मिळवली. हॉलोवेच्या बायकांना त्यासाठी गाडीत घालून ब्रिक्स्टनला आणलं जाई. बाहेर रोज समर्थक जमत आणि लॅन्सबरी तुरुंगाच्या खिडकीतून त्यांच्यासमोर भाषण करत. अशा कैद्यांचं करायचं काय, हे सरकारला कळेना. बेथनल ग्रीन आणि स्टेपनी या शेजारच्या बरोंनीही हाच मार्ग धरायचं ठरवलं तेव्हा मंत्रिमंडळाचं धाबं दणाणलं. सहा आठवड्यांनी, १२ ऑक्टोबरला सगळे सुटले आणि थोड्याच दिवसांत गरिबांच्या मदतीचा बराचसा खर्च साऱ्या लंडनवर वाटून टाकणारा कायदा संसदेनं घाईघाईनं केला. मिनीची तब्येत मात्र तुरुंगानं ढासळली. १ जानेवारी १९२२ला न्यूमोनियानं ती गेली, वय अवघं ३२.

हे सगळं मजूर पक्षातल्याच एका माणसाला बिलकूल पसंत नव्हतं. शेजारच्या हॅकनीचे मेयर हर्बर्ट मॉरिसन. त्यांचं म्हणणं, कायदा मोडणाऱ्या पक्षावर मतदार देशाचा कारभार सोपवणार नाहीत. नगरसेवक तुरुंगात असताना ते लंडनच्या मजूर मेयरांचं शिष्टमंडळ घेऊन पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांना भेटायला थेट स्कॉटलंडमधल्या गेअरलॉकला गेले, कारण पंतप्रधान तिथे सुट्टीवर होते. मॉरिसन पुढे लंडन काउंटी कौन्सिलचे नेते, गृहमंत्री, उपपंतप्रधान झाले. कारभारी म्हणून ते निःसंशय उजवे. पण १९२१ मध्ये पॉप्लरला पैसे मिळाले ते तुरुंगात गेलेल्यांमुळे. लांबचा प्रवास करून दिलेल्या निवेदनाचा त्यात वाटा फारसा नव्हता.

लॅन्सबरी या टोकाला एकदम आले नव्हते. जन्म १८५९चा, सफोकमधला. बालपण पूर्व लंडनच्या गल्ल्यांत. १८८४ मध्ये बायको-मुलांना घेऊन ते ऑस्ट्रेलियाला नशीब काढायला गेले. स्थलांतराच्या जाहिरातींत सांगितलेलं सुख तिथे कुठेच दिसेना, म्हणून वर्षभरात परतले आणि त्या जाहिरातबाजीविरुद्धच प्रचार करत सुटले. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला ते पॉप्लरच्या गरीब कायद्याखालच्या मंडळावर निवडून आले. वर्कहाऊस म्हणजे निराधारांना ठेवायची जागा, पण तिची रीत तुरुंगाची. त्यांनी आत्मचरित्रात सांगितलेला एक प्रसंग असा: जेवणाच्या वेळी ते आत गेले तर ओटच्या लापशीत उंदरांच्या लेंड्या. त्यांनी भांडं उचललं आणि वर्कहाऊसच्या अधिकारी बाईंना म्हणाले, खा. त्या काही खाईनात. त्या दिवसापासून अन्न, कपडे, वागणूक यांवर त्यांनी जो तगादा लावला, त्यातून पॉप्लरच्या वर्कहाऊसचं रूपच पालटलं. पुढे गरीब कायद्यावरच्या १९०५च्या रॉयल कमिशनवर त्यांची नेमणूक झाली ती याच अनुभवामुळे, आणि कमिशनवरच्याच बिआट्रिस वेब यांच्यासोबत त्यांनी गरीब कायदाच मोडीत काढायला सांगणाऱ्या अल्पमताच्या अहवालावर सही केली.

संसदेत हाच स्वभाव आडवा यायचा. डिसेंबर १९१० मध्ये बो अँड ब्रॉम्लीतून ते खासदार झाले. दोन वर्षांत, स्त्रियांच्या मताधिकारावर पक्ष पुरेसा ठाम नाही म्हणून, त्यांनी खासदारकी सोडून त्याच प्रश्नावर पुन्हा निवडणूक लढवली आणि ७५१ मतांनी हरले. गंमत म्हणजे ज्यांच्यासाठी लढले त्यांना मतच नव्हतं. पक्षाचा सल्ला धाब्यावर बसवून केलेलं हे साहस होतं आणि त्यापायी दहा वर्षं संसदेबाहेर राहावं लागलं. त्या काळात त्यांनी ‘डेली हेरल्ड’ हे वर्तमानपत्र चालवलं आणि पॉप्लर सांभाळलं. पॉप्लरनं १९२० मध्ये आपल्या कामगारांना, बाई असो वा पुरुष, आठवड्याला किमान ४ पौंड पगार ठरवला. १९२५ मध्ये सरदारगृहाच्या न्यायाधीशांनी तो बेकायदा ठरवला. समाजवादी दानधर्म आणि स्त्री-पुरुष समानतेची हौस असा त्यांचा उपहासाचा सूर होता. आज तो निकाल वाचताना न्यायाधीशांचीच कीव येते.

१९२२ मध्ये ते पुन्हा खासदार झाले. १९२४च्या पहिल्या मजूर सरकारात पंतप्रधान रॅम्से मॅकडोनल्ड यांनी त्यांना मंत्रिमंडळात घेतलं नाही. १९२९ मध्ये घेतलं ते सार्वजनिक बांधकाम खात्यावर, म्हणजे जिथे उपद्रव कमी अशा जागी. लॅन्सबरींनी काय करावं? राजाच्या उद्यानांत मुलांसाठी खेळाच्या जागा केल्या आणि हाइड पार्कच्या सर्पेंटाइन तळ्यावर बायकापुरुषांनी एकत्र पोहायची सोय केली. १९३० मध्ये हा लिडो उघडला तेव्हा सभ्य मंडळींनी नाकं मुरडली, लोकांची मात्र झुंबड उडाली. त्या सरकारचं लोकांना आवडलेलं हे बहुधा एकमेव काम, आणि तेही नगरसेवकाच्या डोक्यातून आलेलं.

भारताशी त्यांचा संबंध जुना. ॲनी बेझंट यांनी पुढाकार घेतलेलं ‘कॉमनवेल्थ ऑफ इंडिया’ विधेयक १९२५ मध्ये कॉमन्स सभेत मांडलं ते लॅन्सबरींनी. ते पुढे सरकलं नाही. सप्टेंबर १९३१ मध्ये दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी आलेले गांधीजी हॉटेल नाकारून बोमधल्या किंग्जली हॉलमध्ये उतरले. म्हणजे लॅन्सबरींच्याच मतदारसंघात. त्यांच्या यजमान म्युरिएल लेस्टर स्वतः पॉप्लर कौन्सिलवर काम केलेल्या. लॅन्सबरींचं मंत्रिपद जाऊन तेव्हा जेमतेम तीन आठवडे झाले होते.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधल्या निवडणुकीत मजूर पक्षाचा पार धुव्वा उडाला. पन्नासेक खासदार उरले. बडे नेते पडले. माजी मंत्रिमंडळातले लॅन्सबरी तेवढे निवडून आले, कारण पॉप्लर त्यांना सोडणार नव्हतं. पक्षाची धुरा सत्तरी ओलांडलेल्या या माणसाच्या गळ्यात पडली. मदतीला क्लेमंट ॲटली, तेही शेजारच्या स्टेपनीचे माजी मेयर. मोडलेला पक्ष लॅन्सबरींनी उभा ठेवला, हे त्यांचे टीकाकारही मान्य करतात.

पण ते पक्के शांतिवादी होते. १९३५ मध्ये मुसोलिनी ॲबिसिनियावर चाल करून जात असताना ब्रायटनच्या अधिवेशनात पक्षाला निर्बंधांचा, वेळ पडल्यास बळाचा ठराव हवा होता. नेत्याला बळ मान्य नव्हतं. कामगार नेते अर्नेस्ट बेव्हिन यांनी भर सभेत त्यांना सुनावलं की आपली सदसद्विवेकबुद्धी घेऊन दारोदार काय फिरता. बोलणं कठोर होतं, मुद्दा बरोबर होता. लॅन्सबरींनी नेतेपद सोडलं, ॲटली त्या जागी आले. पॉप्लरमध्ये जो हट्ट कामाचा ठरला तोच परराष्ट्र धोरणात निरुपयोगी होता: घरपट्टी मागणाऱ्या सरकारला लाज असते, हुकूमशहाला नसते. १९३७ मध्ये ते हिटलरला बर्लिनमध्ये भेटले आणि त्याला युद्ध नको आहे अशी समजूत करून परतले. या चुकीवर पांघरूण घालायचं कारण नाही.

नेतेपद गेल्यावर, १९३६ मध्ये, ते पुन्हा पॉप्लरचे मेयर झाले. पक्षाचं सर्वोच्च पद भूषवलेल्या माणसाला यात काही कमीपणा वाटला नाही. ७ मे १९४० रोजी ते वारले.

त्यांच्या नावाची लॅन्सबरी इस्टेट ही वसाहत बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झालेल्या पॉप्लरमध्ये १९५१च्या फेस्टिव्हल ऑफ ब्रिटनच्या वेळी उभी राहिली. लंडनला उन्हाळ्यात जाणं झालं तर टॉवेल सोबत ठेवा. सर्पेंटाइनचा लिडो अजून चालू आहे.