जॅझच्या वाटा (भाग ९) : पियानोविना तिघे

टेनर सॅक्सोफोन, बास आणि ड्रम्स या तीनच वाद्यांवर सॉनी रॉलिन्सने ७ मार्च १९५७ रोजी लॉस एंजेलिसमध्ये ‘वे आउट वेस्ट’ हा आल्बम ध्वनिमुद्रित केला. त्या काळी छोट्या जॅझ संचात पियानो असणार हे जवळजवळ ठरलेलेच असे. इथे तोच वगळलेला होता.

मूळ गाण्यातले कॉर्ड्स (एकत्र वाजणारे स्वरसमूह) क्रमाने ऐकवत राहणे हे संचातल्या पियानोचे मुख्य काम. सॅक्सोफोनवर एका वेळी एकच स्वर निघतो आणि बास प्रामुख्याने कॉर्डचा पाया दाखवतो. त्यामुळे पियानो नसला की मधले स्वर सुचवण्याचा भार सॅक्सोफोनवर येतो. मोबदल्यात मोकळीक मिळते : वाक्य लांबवता येते, मध्येच थांबता येते, पियानोच्या कॉर्डशी खटकला असता असा स्वरही घेता येतो. पेटीची साथ सोडून नुसत्या तंबोऱ्यावर आणि तबल्यावर ख्याल मांडणाऱ्या गायकाची मोकळीक आणि जोखीम अशीच असते.

पियानो गाळण्याची कल्पना नवी नव्हती. लॉस एंजेलिसमध्येच १९५२ साली बॅरिटोन सॅक्सोफोनवादक जेरी मलिगनने ट्रम्पेटवादक चेट बेकरला घेऊन पियानोविना चौघांचा संच चालवला होता. पण तिथे दोन फुंकवाद्ये एकमेकांना पूरक सुरावटी वाजवून स्वरसंगतीचे चित्र उभे करत. रॉलिन्सजवळ दुसरे फुंकवाद्य नव्हते, म्हणून त्याची वाट अधिक अवघड.

तेव्हा तो २६ वर्षांचा होता आणि ड्रमवादक मॅक्स रोचच्या संचाबरोबर शहरात आला होता. बासवर रे ब्राउन आणि ड्रम्सवर शेली मान हे दोघेही कामात गुंतलेले, म्हणून निर्माता लेस्टर केनिगने ध्वनिमुद्रणासाठी पहाटे तीनची वेळ ठरवली. या तिघांनी त्याआधी एकत्र वाजवलेले नव्हते.

निवडलेल्या गाण्यांत काउबॉय चित्रपटांच्या वातावरणातली दोन होती. हार्लेममध्ये वाढलेल्या रॉलिन्सला लहानपणापासून या चित्रपटांची आवड होती. ‘आय ॲम ॲन ओल्ड काउहँड’च्या सुरुवातीला मान ड्रम्सवर घोड्याच्या टापांचा खटखट ठेका धरतो आणि त्यावर रॉलिन्स मूळ चाल सावकाश मांडतो. मग त्या चालीतला एखादा छोटा तुकडा उचलून तो उलटसुलट फिरवतो, तोडतो, पुन्हा जोडतो. ब्राउनचा बास खाली चालत असल्याने सॅक्सोफोन थांबला तरी गाण्याचा धागा सुटत नाही. या आल्बमचे खरे सामर्थ्य अशा विरामांतच आहे, कारण त्यांत बास आणि ड्रम्स साथीपुरते न उरता बरोबरीने बोलू लागतात. संगीतकार एलिंग्टनच्या ‘सॉलिट्यूड’मध्ये, लय संथ असल्यामुळे, हे सर्वांत स्पष्ट ऐकू येते.

आल्बमच्या वेष्टनावर वाळवंटात काउबॉय टोपी घालून, हातात सॅक्सोफोन घेऊन उभा असलेला रॉलिन्स दिसतो. विल्यम क्लॅक्स्टनचे हे छायाचित्र आल्बमइतकेच गाजले.

त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला रॉलिन्सने न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या क्लबमध्ये श्रोत्यांसमोर पियानोविना तिघांची हीच मांडणी वापरली. संध्याकाळी त्याच्याबरोबर बासवर विल्बर वेअर आणि ड्रम्सवर एल्विन जोन्स होते. जोन्सच्या दाट, उसळत्या ड्रम्समुळे तेच तीन वाद्यांचे सूत्र पार वेगळे वाटते. १९५८ च्या ‘फ्रीडम स्वीट’मध्ये बासवादक ऑस्कर पेटिफर्ड आणि मॅक्स रोच यांच्यासह त्याने सुमारे १९ मिनिटांची सलग रचना सादर केली आणि कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या स्वातंत्र्याचा प्रश्न थेट तिच्याशी जोडला. पुढे साठच्या दशकात वादनातून विश्रांती घेऊन हाच रॉलिन्स मुंबईला आला आणि पवईच्या आश्रमात राहिला.

सॅक्सोफोन, बास, ड्रम्स हा संच नंतर जॅझमध्ये रुळला. ऑर्नेट कोलमनने १९६५ साली स्टॉकहोममध्ये आणि जो हेंडरसनने १९८५ साली त्याच व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये याच रचनेत वाजवलेले संगीत ध्वनिमुद्रित झाले आहे. नव्या श्रोत्याने सुरुवात मात्र ‘वे आउट वेस्ट’पासूनच करावी आणि पहिल्या ऐकण्यात लक्ष रे ब्राउनच्या बासवर ठेवावे.