डबीत काय आणलंय?

संडासाची डबी माणसं आधी कागदात, मग पिशवीत, मग आणखी एका पिशवीत गुंडाळून आणतात आणि लॅबच्या काउंटरवर ठेवताना मागे कोणी उभं नाही ना ते बघून घेतात. रक्त द्यायला बिनधास्त बाही वर करणारा गडीही इथे लाजतो. तालुक्याच्या गावात लॅब चालवते, त्यामुळे ही लाज माझ्या रोजच्या ओळखीची आहे. तिच्यापायी तपासणी टळते, मेडिकलमधून जंताची गोळी येते आणि पोटात नेमका कोणता जंत होता ते शेवटपर्यंत कुणाला कळत नाही.

ते कळायला हवं. शाळा-अंगणवाडीत जंतनाशक दिनाला अल्बेंडाझोलची 400 मिलिग्रॅमची गोळी देतात, ती मातीतून पसरणाऱ्या गोल जंतांसाठी आणि हुकवर्म-व्हिपवर्मसाठी. पट्टकृमी, म्हणजे टेपवर्म, ही वेगळीच जात. अंगाने चपटा, शेकडो तुकड्यांची साखळी, आणि डोकं आतड्याला चिकटलेलं. त्या एका गोळीने तो जाईलच असं नाही.

एक आजोबा काडेपेटीत तुकडा घेऊन आले होते. म्हणाले, “ताई, भोपळ्याच्या बिया पडतायत. आणि भोपळा तर आमच्याकडे कुणी खातच नाही! वळवळतात पण.” असा पाहुणा लॅबवाल्याला हवाच असतो. सुकलेला तुकडा सलाइनमध्ये भिजवला. मऊ झाल्यावर कडेच्या बारीक छिद्रातून सुईने काळी शाई आत सोडली आणि दोन काचपट्ट्यांमध्ये हलकेच दाबला. शाई गर्भाशयात पसरते. मधोमध एक खोड आणि दोन्ही बाजूंना फांद्या उमटतात. एका बाजूच्या फांद्या मोजायच्या. साधारण 7 ते 13 भरल्या तर डुकराच्या मांसातून येणारा टीनिया सोलियम, 12 ते 30 भरल्या तर गाई-म्हशींच्या मांसातून येणारा टीनिया सॅजिनाटा. 12-13 वर गाडी अडली की दुसरा तुकडा मागवायचा. आजोबांच्या फांद्या 18 च्या पुढे गेल्या. काय खाल्लं, कुठे खाल्लं हे मी विचारलं नाही. ते डॉक्टर बंद दाराआड विचारतील.

हे सगळं हातमोजे घालूनच. तुकडा सोलियमचा निघाला तर त्यातली अंडी तोंडावाटे गेल्यावर काय होतं, ते पुढे येईलच.

तुकडा नसेल तर भिस्त अंड्यांवर. पण मायक्रोस्कोपखाली दोन्ही टीनियांची अंडी अगदी एकसारखी दिसतात, म्हणून मी रिपोर्टात फक्त ‘टीनियाची अंडी’ लिहिते. शिवाय ती रोज पडत नाहीत. एक डबी स्वच्छ निघाली म्हणून सुटलो असं मानू नये; वेगवेगळ्या दिवशीच्या तीन डब्या द्याव्यात. भांड्यावर कागद अंथरून नमुना घ्यावा, त्यात लघवी किंवा पाणी मिसळू देऊ नये.

मुलांमध्ये बऱ्याचदा सापडतो तो बुटका पट्टकृमी, हायमेनोलेपिस नाना, जेमतेम 15 ते 40 मिलिमीटरचा. त्याला मध्ये जनावर लागत नाही. घाणेरड्या हातांतून तो एका मुलाकडून दुसऱ्याकडे जातो. शाकाहारी घरातली आई रिपोर्ट वाचून माझ्यावर चिडते, तेव्हा हेच समजावते.

औषध सोपं आहे. टीनियाला प्राझिक्वांटेल, वजनाच्या किलोमागे 5 ते 10 मिलिग्रॅम, बहुधा एकदाच. बुटक्याला 25 मिलिग्रॅम, आणि कधी कधी पुन्हा. निक्लोसमाइड हा दुसरा पर्याय. ते रक्तात फारसं न जाता आतड्यातच काम करतं. प्राझिक्वांटेल मात्र मेंदूपर्यंत पोहोचतं. तिथे आधीच सोलियमच्या गाठी असतील तर झटके येऊ शकतात. म्हणून डॉक्टर आधी फिट आणि डोकेदुखीबद्दल विचारतात, आणि म्हणूनच मेडिकलच्या काउंटरवरून हे औषध घेऊ नये. बाळाच्या दुधात वावडिंग उकळणाऱ्या आज्यांशी माझं भांडण नाही, पण पट्टकृमी ठरल्यावर वावडिंगावर महिने काढू नका.

गोळीनंतर लांबलचक कृमी बाहेर पडेल म्हणून कुणी वाट बघतं. बऱ्याचदा तो आतच विरघळतो, डोकं सापडत नाही. म्हणून महिन्याने आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. पोटाचा त्रास थांबला की माणूस फिरकत नाही, ही माझी जुनी तक्रार.

मेंदूतल्या गाठींचं खापर आपल्याकडे कोबीवर फुटतं. डुकराचं अर्धकच्चं मांस खाल्ल्याने आतड्यात कृमी होतो. मेंदूत गाठी होतात त्या अंड्यांमुळे, आणि अंडी येतात पोटात सोलियम असलेल्या माणसाच्या विष्ठेतून. कोबी शेतात त्या मैल्याने माखला असेल तर तोही वाहक, पण मुळाशी माणूसच. न्यूयॉर्कमध्ये डुक्कर अजिबात न खाणाऱ्या ज्यू कुटुंबांत अशा गाठी सापडल्या. 1992 साली छापून आलेल्या शोधनिबंधात त्याचा माग घरकामाला असलेल्या बायकांपर्यंत लागला.

म्हणून एकाच्या डबीत सोलियम निघाला की मी घरातल्या सगळ्यांच्या डब्या मागते, आणि स्वयंपाक कोण करतं ते आधी विचारते. सुनेची डबी दुसऱ्या दिवशी सकाळी हजर होते. सासऱ्यांच्या डबीसाठी मला पुन्हा पुन्हा फोन करावा लागतो.