नाव एक, द्रव्ये दोन

मोरोक्कोच्या प्रवासात माराकेश येथील रहबा कदीमा या जुन्या चौकातील वनौषधींचा बाजार पाहण्याचा योग आम्हांस आला. मेंदी, जिरे, वाळलेले गुलाब पाहून आपल्याच काष्ठौषधींच्या दुकानात आल्याचा भास झाला. अशा विक्रेत्यास तेथे ‘अत्तार’ म्हणतात.

एका दुकानी आम्ही केशरंजनाचे ‘तकाउत’ मागितले. “बलदी की रूमी?” दुकानदाराने विचारले. बलदी म्हणजे देशी, झावुक वृक्षावरील गाठी. रूमी म्हणजे परदेशी, पॅराफिनिलिन डायअमाईन हे रसायन. दोहोंनी केस काळे होतात, म्हणून नावही एकच पडले. परंतु हे रसायन पोटात गेल्यास घसा सुजून श्वास कोंडतो, मूत्रपिंडे निकामी होतात. मोरोक्कोत यामुळे अनेक मृत्यू झाले आहेत.

वनौषधींचे नाव व रूप गुराख्यांनाही ठाऊक असते, त्यांचा योग जाणणारा तो वैद्य, असे चरकसंहितेचे सूत्रस्थान सांगते. आज मात्र नावावर विसंबून रूपही पाहिले जात नाही. आपल्याकडे ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक पुड्यांत हेच रसायन असते. औषधालयधारक बंधूंनी प्रथम पोते उघडून द्रव्य पारखावे, मगच नावाची चिठ्ठी लावावी, ही नम्र विनंती.