रुग्णवाहिकेचा दर्जा घड्याळावर मोजावा का?

रुग्णवाहिका किती मिनिटांत आली, एवढ्यावरच सेवेचा दर्जा ठरवला जातो. हा प्रतिसादकाळ (फोन लागल्यापासून गाडी दारात येईपर्यंतचा वेळ) महत्त्वाचा आहेच. पण नळ फुटल्यावर प्लंबर पाच मिनिटांत आला आणि पाना आणलाच नाही, तर पाणी वाहतच राहते. इंग्लंडमध्ये अतितातडीच्या ७५ टक्के फोनना ८ मिनिटांत पोहोचण्याचे उद्दिष्ट होते. ते गाठायला कधी मोटारसायकल पुढे धाडली जाई. पक्षाघाताचा रुग्ण मात्र त्याला रुग्णालयात नेणाऱ्या गाडीची वाट पाहत राही. २०१७ मध्ये नियम बदलले आणि अशा रुग्णासाठी नेणारी गाडी पोहोचली तरच वेळ पाळली, असे धरले जाऊ लागले.

हृदय बंद पडल्यावर मिनिटे मोजावीच लागतात, हा आक्षेप खरा आहे. पण तेव्हाही फोनवरून छाती दाबायला कोणी सांगितले का, गाडीतला डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र) चालू होता का, यावर जीव अवलंबून असतो. म्हणून आपल्या १०८ सेवेबद्दलही विचारावे: गाडीत डॉक्टर होते का, ऑक्सिजन भरलेला होता का, आणि रुग्णाला नुसत्या जवळच्या नव्हे, योग्य रुग्णालयात नेले का?