साठ दिवसांआधीच्या ओळखी

अमेरिकेत एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्या माणसाची नोकरी सुटली की दुसऱ्या दिवसापासून एक मुदत मोजली जाऊ लागते. जानेवारी २०१७ पासून लागू झालेल्या नियमानुसार ती सलग ६० दिवसांपर्यंतची असते. आय-९४ वरील तारीख त्याआधी संपत असेल, तर त्याहूनही कमी. शनिवार-रविवार आणि सुट्ट्याही तिच्यातच धरल्या जातात. नोकरीचा शेवटचा दिवस कोणता, हे सामान्यतः ज्या तारखेपर्यंतचे वेतन मिळाले तिच्यावरून ठरते. त्यामुळे निरोप देताना कंपनीने काही महिन्यांची एकरकमी भरपाई हातावर ठेवली, तरी मुदत लांबत नाही. एच-४ वर असलेल्या जोडीदाराचा आणि मुलांचा मुक्कामही याच दोरीला बांधलेला असतो.

प्रत्यक्षात ६० दिवसही हाती येत नाहीत. नव्या कंपनीने रीतसर अर्ज दाखल केला की तो मंजूर होण्याची वाट न पाहता कामावर रुजू होता येते, ही मोठीच सवलत आहे. परंतु त्या अर्जाआधी श्रम खात्याकडून वेतन व कामाच्या अटींचा दाखला घ्यावा लागतो, त्यालाच कामाचे सात दिवस जातात. कागदपत्रांची जमवाजमव आणि वकिलाचा वेळ धरला, तर पंचेचाळिसाव्या दिवसाच्या आसपास नोकरीचा देकार हातात असावा लागतो. मोठ्या कंपन्यांतील मुलाखतींच्या चार-पाच फेऱ्यांनाच अनेकदा महिना उलटतो. म्हणजे अर्ज पहिल्या आठवड्यातच योग्य माणसाच्या नजरेस पडायला हवा. आणि तो पडेल की नाही, हे नोकरी जाण्याच्या कितीतरी आधी ठरून गेलेले असते. तहान लागल्यावर विहीर खणू नये, ही म्हण इथे तारखेनिशी खरी ठरते.

नोकरी शोधताना नेमक्या कोणत्या ओळखी कामी येतात, याचा अभ्यास समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनजवळच्या न्यूटन शहरात केला होता. नुकतीच नोकरी बदललेल्या आणि ती ओळखीतून मिळालेल्या व्यावसायिकांना त्यांनी विचारले, की त्या व्यक्तीशी तुमची गाठ किती वेळा पडत असे? वारंवार भेटणाऱ्यांकडून खबर मिळाल्याचे सुमारे १७ टक्क्यांनीच सांगितले; उरलेल्यांच्या बाबतीत ती व्यक्ती अधूनमधून किंवा क्वचितच भेटणारी होती. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातील कारणमीमांसा साधी आहे. जिवलग मित्र आपल्याच वर्तुळात वावरतात, म्हणून त्यांना ठाऊक असलेले बहुतेक आपल्यालाही ठाऊक असते. नवी बातमी येते ती दूरच्या ओळखीतून. लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सदस्यांवर पाच वर्षे झालेल्या प्रयोगांचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यात एक बारकावा निघाला: अगदीच तोंडओळख नव्हे, तर मध्यम अंतरावरची ओळख सर्वाधिक उपयोगी पडते.

अमेरिकेतील मराठी अभियंत्यांच्या दृष्टीने ही गोष्ट फार मोलाची आहे. एडिसन किंवा फ्रीमाँटसारख्या गावांत शेजारी, सहप्रवासी आणि शनिवारच्या जेवणावळीतली मंडळी बहुधा एकाच व्यवसायातली, कधी कधी एकाच कंपनीतली असतात. माया भरपूर असते, पण कपातीची लाट आली की सगळेच एकदम पाण्यात. महाराष्ट्र मंडळांच्या गणेशोत्सवात मात्र हिशेबनीस, दंतवैद्य, औषध कंपनीतले संशोधक, निवृत्त प्राध्यापक असे सारे एका मांडवाखाली वावरतात. तेथे वर्षानुवर्षे खुर्च्या मांडणाऱ्या माणसाला ‘हा शब्द पाळतो’ अशी साक्ष आपोआप मिळते. त्याच मांडवात भेटेल त्याच्या हाती आपली माहिती कोंबणाऱ्याला ती मिळत नाही, हेही तितकेच खरे.

यापुढचा शब्द मराठी कानाला खटकतो: स्वतःचा ‘ब्रँड’. टॉम पीटर्स यांनी १९९७ मध्ये एका अमेरिकी मासिकातील लेखातून ही कल्पना लोकप्रिय केली. समर्थांनी दासबोधात आत्मस्तुतीची गणना मूर्खलक्षणांत केली आहे. त्या संस्कारात वाढलेल्याला स्वतःची टिमकी वाजवणे जड जावे, यात नवल नाही. ‘आपले काम बोलेल’ असे तो म्हणतो. पण काम बोलते ते जवळ असलेल्यांशी. दुसऱ्या कंपनीतल्या माणसाच्या कानी ते कोणीतरी घालावे लागते. तेव्हा ब्रँड म्हणजे आपल्या अनुपस्थितीत दुसऱ्याला आपल्याविषयी एका वाक्यात सांगता येईल अशी खरी गोष्ट, एवढाच अर्थ घेतला तरी पुरे. ‘जावा येणारा, दहा वर्षांचा अनुभव’ हे वाक्य हजारोंना लागू पडते. ‘बँकेची जुनी देयक-प्रणाली व्यवहार न थांबवता नव्या यंत्रणेवर नेणारी’ हे फार थोड्यांना. असे वाक्य कोणाच्या तोंडी असले, की तो आपल्या कंपनीत शिफारस करायला कचरत नाही. अनेक कंपन्या यशस्वी शिफारशीबद्दल कर्मचाऱ्याला बक्षीसही देतात, त्यामुळे अशी विनंती करण्यात लाचारी मानण्याचे कारण नाही.

रोज उठून प्रेरणादायी मजकूर टाकण्याची गरज नसते. तीन-चार महिन्यांतून एकदा, सोडवलेल्या एखाद्या तांत्रिक अडचणीवर पानभर लिहिणे, स्थानिक तांत्रिक मेळाव्यात वीस मिनिटे बोलणे, जुन्या सहकाऱ्याच्या नव्या कामाची काही मागणी न करता विचारपूस करणे, एवढ्यानेही ओळख जागती राहते. मात्र कंपनीचे आकडे, ग्राहकांची नावे वा संगणकीय संहिता उघड करणे म्हणजे असलेली नोकरीही घालवणे. आणखी एक धोका व्हिसाचा. विनामूल्य व्याख्यान देणे वेगळे. पैसे घेऊन सल्ला देणे किंवा शिकवण्या घेणे हे एच-१बी धारकासाठी अनधिकृत काम ठरू शकते, म्हणून मानधन स्वीकारण्यापूर्वी वकिलाला विचारलेले बरे.

कपातीच्या दिवशी लॅपटॉप अनेकदा निरोपाच्या बैठकीआधीच बंद पडतो. कार्यालयीन पत्त्यावर साठलेली दहा वर्षांची ओळखपाळख त्या क्षणी हातची जाते. म्हणून सहकाऱ्यांचे खासगी ईमेल आणि दूरध्वनी क्रमांक, आय-७९७ मंजुरीपत्राची प्रत आणि वेतनचिठ्ठ्या आजच घरच्या कपाटात असाव्यात.